पांढऱ्या दोऱ्याची माशी

ईशान आणि रेवा,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला एकच प्रश्न विचारलात, आधी इंग्रजीत आणि मी डोळे वटारल्यावर मराठीत. नाना आजोबांनी ओमानमध्ये खरंच हातभर लांब ट्राउट पकडला होता का? नानांच्या दहाव्याला गावी तात्या आजोबांनी चारचौघांत तसं सांगितलं आणि साक्षीदार म्हणून माझं नाव घेतलं, हे तुमच्या बाबांनी मला कळवलं होतंच. मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर घाईत देण्यासारखं ते उत्तर नाही.

नाना जाऊन अजून महिनाही झालेला नाही. माणसाच्या माघारी त्याच्याबद्दल बोलायची मला सवय नाही, आणि नानांच्या बाबतीत तर मुळीच नाही. जे काही बोलायचं ते आम्ही दोघं तोंडावर बोलत आलो. म्हणून हे मी त्यांनाच लिहिते आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. आईनं वाचून दाखवावं, कारण तुमचा मराठी वाचण्याचा वेग पाहता तुम्हाला हे पुढच्या नाताळापर्यंत पुरेल. मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. ईशान, फोन उलटा ठेव.

आणि एक गोष्ट आधीच समजून घ्या. नाना माझे व्याही, मी त्यांची विहीण. तुमच्या आईचे सासरे आणि तुमच्या बाबांची सासू एकमेकांचे कोण, याला इंग्रजीत शब्द नाही. मराठीत आहे, कारण आपल्याकडे या नात्याला काम आहे: लग्नात मान मागायचा आणि नंतर आयुष्यभर टोमणे मारायचे.

नाना, सर्वांत आधी परवानगीचं बोलते. त्या संध्याकाळी गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, आकार आपल्या दोघांत." मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं म्हणजे वचन देणं नव्हे, असं मी शाळेत मुलांना सांगत आले. तरी तुम्ही होतात तोवर कुणाला बोलले नाही. आता तुमची नातवंडं विचारताहेत, आणि तात्यांच्या तोंडी तो मासा दर वर्षी वाढतो आहे. अजून दोन वर्षांत तो वादीत, म्हणजे इथल्या डोंगरातल्या ओढ्यात, मावणार नाही.

आपली ओळखच भांडणानं झाली. नागपूरला माझ्या प्रज्ञाचं आणि तुमच्या हेमंतचं लग्न, आमच्या बौद्ध पद्धतीचं. पांढऱ्या साड्या, वंदना, दोन हार, आणि चहा गार व्हायच्या आत सगळं आटोपलं. तुम्ही कोकणातून दोन गाड्या भरून माणसं आणली होतीत. सगळे खुर्च्यांवर टेकतात न टेकतात तोच टाळ्या वाजल्या. तुम्ही माझ्यापाशी आलात आणि पहिलं वाक्य बोललात, "झालं? एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "आता जेवायचं."

"व्याह्याला उपरणं वगैरे?"

"हार मिळाला ना तुम्हाला?"

"तो मुलालाही मिळाला."

"आमच्यात सगळ्यांना सारखाच."

तुम्ही माझ्या साडीकडे पाहिलंत. मुलीची आई लग्नात पांढऱ्या सुती साडीत, काठाला नुसती एक निळी रेघ. काहीतरी ओठांवर आलं होतं तुमच्या, ते तुम्ही गिळलंत. पुढे मस्कतला ते दर महिन्याला एकदा बाहेर येत असे. "मान राहून गेला आमचा," असं तुम्ही पोळी मागावी तितक्या सहज म्हणायचात.

मस्कतला मी तुमच्या आधीपासून होते. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, रुवीत दोन खोल्या, खाली दुकानांचा आणि टॅक्सीवाल्यांचा गलका. वहिनी गेल्यावर तुम्ही बँकेतून निवृत्त होऊन अल् खुवैरला हेमंतकडे राहायला आलात. प्रज्ञा आणि हेमंत दोघं ऑफिसात, म्हणून शाळा सुटली की मी तिकडे येत असे. दुपारी मुलं, तुम्ही, मी आणि स्वयंपाकघरातले माझे डबे. मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली होती. तुम्ही साखरेच्या डब्यात मीठ ओतलंत आणि वर म्हणालात, "चिठ्ठी वाचून चहा करायचा म्हणजे औषध घेतल्यासारखं वाटतं." मुलं त्या दुपारी तो चहा पिऊन दाखवायच्या पैजा लावत होती.

मग ती मासे पकडायची काठी आली. हेमंतचा स्कॉटिश साहेब कायमचा मायदेशी निघाला, त्यानं घर आवरताना ती हेमंतला दिली. हेमंतला ती टाकवेना आणि वापरवेना, म्हणून ती तुमच्या खोलीत आली. सोबत साहेबानं एक फिल्मही दाखवली होती: थंड नदी, कमरेइतक्या पाण्यात उभा माणूस, पाण्यावर ढगासारख्या उठलेल्या माश्या, आणि त्या खायला उसळणारे ट्राउट. तो माणूस पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी लांब दोरीनं पाण्यावर अलगद टेकवतो आणि मासा फसतो. तुम्ही ती फिल्म इतक्या वेळा पाहिलीत की रेवा बाहुलीला झोपवताना इंग्रजीत "सॉफ्टली, सॉफ्टली" म्हणू लागली.

मला वाटलं, निवृत्त माणसाचा नाद, जाईल. तो का गेला नाही ते मला हळूहळू कळलं. तुम्ही खाडीकाठच्या गावात जन्मलात आणि उभ्या आयुष्यात एकही मासा पकडला नाहीत. तिथे पाच वर्षांची पोरं गरी टाकतात. तुम्ही टाकलीत की खाडी रिकामी होत असे. तुमचे धाकटे भाऊ तात्या गावभर सांगत, "ह्येच्या हातात गरी दिली तर मासे हसान मरतले." तुम्ही बँकेत अधिकारी झालात, बदल्या झाल्या, घर बांधलंत. गावी गेलात की पारावर पहिला प्रश्न तोच. "काय मॅनेजर, मासो गावलो काय?"

आणि दुसरं कारण. एका दुपारी तुम्ही ईशानला म्हणालात, "ये, तुला गळात दोरा ओवायला शिकवतो," आणि तो ओवत असताना तुम्ही भलतीकडे बघत बसलात. मी तीस वर्षं मुलांना पुस्तकं वाचताना पाहिलं आहे. वाचायचं सोंग मला लांबून ओळखू येतं. मुलं खेळायला गेल्यावर मी विचारलं, "डोळ्यांचं काय?"

"मधलं जाणार म्हणतात डॉक्टर," तुम्ही म्हणालात. "कडेचं राहील. म्हणजे तुम्ही समोर उभ्या राहिलात तर दिसणार नाही, बाजूला उभ्या राहिलात तर दिसाल."

"मग मी समोर उभी राहीन."

"तीच सोय बघतोय मी." मग काठीवर हात फिरवत तुम्ही म्हणालात, "हेमंतला इतक्यात सांगू नका. तो मला खुर्चीत बसवून ठेवील. एक मासा मिळू दे. एकच. मग बसतो."

त्या दिवसापासून दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं. त्यावर आपण कधी काही बोललो नाही. तुम्ही काठी पुढे करायचात, मी ओवायची.

पण माझी गाडी, माझ्या अटी. या देशात गाडीशिवाय कोणी हलत नाही, आणि तुम्हाला गाडी येत नव्हती. मी स्पष्ट सांगितलं की प्राणिहत्या करायची नाही असं शील मी रोज म्हणते, तेव्हा पकडलेला मासा त्याच क्षणी पाण्यात सोडायचा, आणि गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करायचा.

तुम्ही चमचा खाली ठेवलात. "पकडून सोडायचा? हे म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठवणं झालं."

"ताट वाढलं जाईल तेव्हा बघू."

"आणि काल प्रज्ञानं केलेली सुरमई तुम्ही दोनदा मागून घेतलीत, तेव्हा शील कुठे गेलं होतं? फिरायला?"

"ती भूक होती. ही हौस आहे."

"हौस नसती तर माणसात आणि बोक्यात फरक काय राहिला?"

हा वाद आपण कुरियातच्या रस्त्यावर प्रत्येक शुक्रवारी घातला, जाताना आणि येताना. मी वेगाची मर्यादा पाळते, त्यामुळे वादाला वेळ भरपूर मिळे. "विहीणबाई," तुम्ही म्हणायचात, "मघाशी मागून गेला तो ट्रक घरी पोचून, जेवून झोपला असेल."

डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावायची आणि दगडांतून चालत वादीतल्या डोहापर्यंत जायचं. दोन्हीकडे उघडे तपकिरी डोंगर, मध्ये खजुरांची चार झाडं आणि हिरवं, स्वच्छ पाणी. मासे होते. बोटाएवढे, राखाडी, पाण्यात पाय सोडले की तळव्यांना गुदगुल्या करणारे. ट्राउट या देशात नाही हे मी तुम्हाला ग्रंथालयातल्या पुस्तकातून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "गोड्या पाण्यात राहतो, उसळी मारून माशी खातो, तो ट्राउटच. इथे पाणी कमी म्हणून वाढ खुंटली आहे." त्यानंतर तुम्ही त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाहीत.

पहिल्याच शुक्रवारी तुम्हाला यश आलं. काठी मागे घेताना घड्याळातल्या दोनवर थांबवायची आणि पुढे आणताना दहावर, असं फिल्ममधला माणूस सांगत असे. तुमची काठी चार वाजेपर्यंत गेली. मी मागे दगडावर बसून खाकरे मोजून डब्यात भरत होते. डोक्याला हिसका बसला. दोरी ताणली गेली, रीळ करकरलं, आणि तुम्ही पाण्याकडे तोंड करून ओरडलात, "लागलो! लागलो! जड आसा!"

"नाना," मी म्हटलं, "तो माझा अंबाडा आहे."

तुम्ही वळून पाहिलंत, बहुधा कडेच्या नजरेनं. मग गंभीरपणे दगडांवरून माझ्यापाशी आलात आणि करार पाळलात. मला त्याच क्षणी सोडून दिलंत. काटा सपाट केलेला असल्यामुळे केस तुटले नाहीत, हे मी मुद्दाम निदर्शनाला आणून दिलं. घरी जाऊन तुम्ही मुलांना सांगितलंत की आज एक मोठी विहीण गळाला लागली होती, पण नियमाप्रमाणे सोडावी लागली.

तिथे शेळ्या चारणारा एक म्हातारा येत असे. पायघोळ मळकी दिशदाशा, हातात काठी, आणि त्या पिढीच्या बऱ्याच ओमानी माणसांसारखं मुंबईचं जुनं हिंदी. तो आपल्यापासून थोड्या अंतरावर बसून सगळं पाहायचा.

"सदीक, दोस्त, क्या पकडता?"

"ट्राउट," तुम्ही सांगितलंत.

त्यानं विचार केला. "इधर मछली छोटा. बडा मछली मतरह सूक में, बाजार में. फ्रेश."

"खरीदना नहीं है. पकडना है."

"पकडके खाएगा?"

तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "मॅडम बोलती, पकडके छोडना है."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि मग फ्लास्कमधून कहावा, त्यांची कॉफी, ओतून तुमच्या हातात दिला. दोन खजूरही दिले. आजारी माणसाला देतात तसे.

दोन हिवाळे असे गेले. माश्या तुमच्या सांगण्यावरून मी बांधत असे, कारण शिवणकाम मला येतं आणि बारीक पाहणं तुम्हाला जमेना. पण रंग तुमच्या पसंतीचे. लाल रेशीम, सोनेरी जर, मोरपिसाचा धागा. बाशिंग बांधलेल्या नवऱ्यासारख्या दिसायच्या त्या. मासे त्यांच्याजवळ येऊन, पाहुण्यांना वाट द्यावी तसे बाजूला होत.

"जरा साध्या करू का?" मी विचारलं.

"समारंभ आहे, विहीणबाई. तुमच्याकडे नसेल पद्धत, आमच्याकडे सजतात."

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तुमचं फार बिघडलं. तुम्ही कपात चहा ओतताना बोट आत धरू लागलात. हेमंतच्याही लक्षात आलं होतं, पण तो मुलगा तुमच्यासारखाच, बोलत नव्हता. नुसता दिव्यांचे बल्ब मोठे आणत होता. त्याच सुमाराला डोंगरात पाऊस झाला. वादी दोन दिवस धो धो वाहिली आणि आठवड्यानं निवळली. पुढच्या शुक्रवारी मुलं कुणाच्या वाढदिवसाला गेली आणि आपण दोघंच निघालो. तुम्ही गाडीत सुरमईचा विषय काढला नाहीत. मी मुद्दाम काढला, तरी तुम्ही "हं" म्हणालात. तेव्हा मला कळलं की ही शेवटची फेरी आहे असं तुम्ही मनाशी ठरवून निघाला आहात.

डोहाशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. लाल माशी झाली, सोनेरी झाली. काही नाही. तुम्ही दगडावर बसलात. आणि मग पाण्यातून काहीतरी वर यायला लागलं. आधी एक, मग दहा, मग मोजणं मला सोडून द्यावं लागलं, आणि मी सहसा सोडत नाही. चिलटाएवढ्या, पण चिलटाहून ऐटदार माश्या, उभे पंख, मागे केसासारख्या बारीक शेपट्या. पाण्यावर क्षणभर टेकायच्या, पंख वाळवायच्या आणि उडायच्या. सगळा डोह खदखदल्यासारखा दिसू लागला. खालून मासे उसळत होते. टप, टप, टप.

"काय आवाज आहे तो?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं. वर्षभर पाण्याखाली दगडांना चिकटून राहतात आणि एके संध्याकाळी पंख फुटून सगळ्या एकदम वर येतात, असं मी वाचलं होतं. तुमच्या त्या फिल्ममध्ये होतं ते हेच. "पंख फुटल्यावर त्यांना खायला तोंडच नसतं," मी म्हटलं. "एखाद्या दिवसाचंच आयुष्य."

"एक दिवस, आणि तोंड नाही," तुम्ही म्हणालात. "सुखाचा संसार."

एक माशी माझ्या बाहीवर बसली. मी चष्मा कपाळावर नेऊन ती जवळून पाहिली. तिच्यात लाल काही नव्हतं. सोनेरी नव्हतं. पांढरी होती, सुती पांढरी, आणि पंखांत किंचित निळसर छटा.

माझ्या पर्समध्ये सुईदोरा असतो, कात्रीही असते. नेसलेली साडी तीच होती, लग्नातली. धुऊन धुऊन मऊ झालेली, म्हणून मी ती वादीत नेसत असे. पदराच्या टोकाचा एक पांढरा धागा मी ओढला, काठाचा एक निळा. तांदळाच्या दाण्याएवढ्या गळावर गुंडाळले, दगडावर पडलेलं कबुतराचं एक पीस लावलं, गाठ मारली. ओवलं. काठी तुमच्या हातात दिली.

"काय बांधलंत?"

"पांढरी."

तुम्ही ती बोटांनी चाचपलीत. "लग्नातली?"

"हो. बाजूला व्हा, इथून समोर टाका."

"समोरचंच दिसत नाही मला."

"मला दिसतं. मी सांगेन तसं करा."

मी तुमच्या उजव्या खांद्यामागे उभी राहिले, अंबाड्यावर पर्स धरून. "मागे. दोन. थांबा. पुढे. दहा. सोडा." ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकली की बाकीच्यांत मला ती क्षणभर ओळखूच येईना. मग तिच्याजवळ माशाचा एक ओठ वर आला.

"आता," मी म्हटलं.

तुम्ही काठी उचललीत आणि ती वाकली. फार नाही. पण वाकली. तुम्ही ओरडला नाहीत. दोरी हातानं हळूहळू ओढत राहिलात, आणि मी पाण्यात उतरून खाकऱ्यांच्या पिशवीतली चहाची गाळणी खाली धरली, कारण साहेबानं काठीसोबत दिलेल्या जाळ्याच्या भोकांतून तो निसटला असता. मग हात ओला करून मी त्याला तुमच्या ओल्या तळहातावर ठेवलं.

"केवढा आहे?"

"करंगळीएवढा."

"कुणाच्या? तुमच्या की माझ्या?"

"माझ्या."

"तुमची करंगळी लांब आहे," तुम्ही म्हणालात.

मग एकदम आठवलं. "फोटो. तात्याला फोटो लागेल. तो नुसतं ऐकणार नाही."

माझा फोन गाडीत होता. पाण्याजवळ फोन न्यायचा नाही हा माझाच नियम. तुमचा तर घरीच असे, आकडे दिसत नसल्यामुळे. "मी जाऊन आणते," मी म्हटलं. "तोवर गाळणीत पाणी भरून ठेवू." गाळणीत पाणी भरून राहत नाही हे आपल्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मी तरी निघाले होते. दगडांवर चढलेही होते.

मागून तुमचा आवाज आला. "थांबा. जाऊ नका."

मी वळले. तुम्ही मूठ अर्धी मिटून कानाजवळ धरली होती, घड्याळ चालतंय का पाहावं तशी. "धडधडतोय," तुम्ही म्हणालात. "केवढासा जीव, आणि केवढा धडधडतोय." मग वाकलात, पाणी कुठे आहे ते दुसऱ्या हातानं चाचपलंत, आणि मूठ पाण्यात नेऊन उघडलीत.

साठ वर्षं ज्याची वाट पाहिलीत तो मासा तुम्ही धड पाहिलाही नाहीत.

परतताना डांबरी रस्त्यावर रेंज आली तेव्हा तुम्ही मला गाडी बाजूला घ्यायला लावलीत आणि तात्यांना फोन लावायला सांगितलंत. स्पीकर तुम्हाला बंद करता येत नव्हता, त्यामुळे सगळं मी ऐकलं.

"तात्या, मासो गावलो."

"कोणाक?"

"माका."

पलीकडे बराच वेळ हसणं. "फोटो धाड."

"फोटो नाय."

आणखी हसणं. कुणीतरी दुसराही हसत होता, बहुतेक पारावरूनच बोलत असावेत. तुमचा चेहरा मला दिव्याच्या उजेडात दिसला. मग तात्यांना काही सुचलं. "विहीणबाय आसत काय थंय? तेंका फोन दी. तेंका खोटा बोलूक येणा नाय."

तुम्ही फोन माझ्याकडे धरलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत, आणि पाहिलं असतंत तरी मी समोर होते.

"विहीणबाय, ह्येका मासो गावलो म्हणता. खरां काय?"

"खरं आहे तात्या. मी पाहिला."

हसणं थांबलं. "केवढो होतो?"

मला खोटं बोलता येत नाही हे तात्यांचं बरोबर होतं. "तात्या," मी म्हटलं, "असा मासा मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही."

पलीकडे तात्या तेच वाक्य पारावर सांगू लागले.

"आणि नानांच्या हातात तो फार वेळ राहिलाही नाही," मी म्हटलं. तेही खरं होतं. फोन ठेवला. त्या दोन वाक्यांपासून हातभर ट्राउट तात्यांनी स्वतः तयार केला आहे, मुलांनो. त्यात माझा हात नाही.

गाडी सुरू केली. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, आज मान मिळाला."

"पट्टा लावा," मी म्हटलं.

नाना, त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. आजही तेच सुचतं आहे, आणि ते पुरेसं नाही हेही कळतं.

पुढे तुम्ही शब्दाप्रमाणे खुर्चीत बसलात. मुलं कॅनडाला गेली, तुम्ही गावी गेलात. फोनवर मी प्रत्येक वेळी विचारलं की करार होता म्हणून सोडलात, की हातात धडधडलं म्हणून? कारण दुसरं असेल तर वाद मी जिंकले. तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. "एवढ्याशा माशाला कढई कुठे काळी करायची म्हणून सोडला," म्हणायचात. शेवटच्या फोनवर मी पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, "भेटल्यावर सांगतो." हे नियमाला धरून झालं नाही. वाद अर्धवट टाकून माणसानं उठू नये.

गेल्या शुक्रवारी मी एकटीच डोहावर गेले. शेळ्यांचा म्हातारा होता. "सदीक किधर?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं दोन्ही तळहात वर करून काहीतरी पुटपुटलं आणि माझ्या हातात कहावा दिला. मग जरा वेळानं, भीत भीत, "उसको मछली मिला था?"

"मिला था."

"कितना?"

तुम्ही गेल्यानंतर, पहिल्यांदाच, मी आकार कुणालातरी सांगितला. करंगळी वर करून दाखवली. तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं करंगळीकडे नीट पाहिलं, डोहाकडे पाहिलं, आणि मान हलवली. "वल्ला," त्यानं शपथ घेतली. "इधर का सबसे बडा."

ईशान, रेवा, हे तुमचं उत्तर. तात्या आजोबांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

काठी रुवीच्या घरी पुस्तकांच्या कपाटामागे उभी आहे. माझ्या पांढऱ्या साडीच्या पदरात एक धागा कमी आहे. त्या धाग्याची माशी गळासकट शाबूत आहे, डबीत, आणि डबीवर चिठ्ठी लावली आहे. वादीत पाणी आहे. मासे आहेत.